मलकापुरात बसून दुबईत फ्लॅट

मलकापूरपासून समुद्र पाचेकशे किलोमीटर. रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई आणि संध्याकाळी चौपाटी, एवढीच इथल्या बहुतेक घरांची समुद्राशी ओळख. पण रुई-सरकीचे भाव ज्या मोबाइलवर येतात, त्याच मोबाइलवर आता दुबई मरीना, फुकेत, बाली इथल्या फ्लॅटच्या जाहिराती येतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शने भरतात. चहा, काजूची बशी, काचेच्या पेटीत टॉवरचे मॉडेल आणि शेजारी लॅपटॉप उघडून बसलेला चुणचुणीत मुलगा. महिन्याला एक टक्का भरा, हे त्याचे पहिले वाक्य. आठ टक्के भाडे पक्के, हे दुसरे.

हे बोलणे मलकापुरात मनाला लागते, त्याला कारण आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदाराला १०,००० रुपयांपलीकडे काढता येईना. ५ जुलै २०२३ रोजी बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत. ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्यात बसत होती, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. म्हणजे ज्यांची ठेव मोठी, ते उरलेल्या दोन-अडीच टक्क्यांत सापडले, आणि परदेशी फ्लॅटचा प्रस्ताव येतो तोही नेमका अशाच घरांत. ठेवीपेक्षा विटा-सिमेंट बरे, ही भावना अशी तयार होते. ती समजण्यासारखी आहे. मात्र दुबईच्या फ्लॅटला ५ लाखांचेही विमा संरक्षण नसते, हे त्या प्रदर्शनात कुणी सांगत नाही.

म्हणून भाड्याचा टक्का नंतर पाहावा. आधी दोन प्रश्न विचारावेत: हा फ्लॅट राखणार कोण, आणि विकायची वेळ आली तर घेणार कोण? दोन्हींची उत्तरे नावानिशी देता येत नसतील, तर ब्रोशर मिटून ठेवलेले बरे.

हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. दुबईत समुद्राजवळचा ६०० चौरस फुटांचा, कुणाकडून तरी पुनर्विक्रीत मिळणारा फ्लॅट १० लाख दिरहमला आहे असे समजा. आकडा सोपा राहावा म्हणून दिरहम २४ रुपये धरला, तर किंमत २ कोटी ४० लाख. त्यावर दुबईच्या भूमी विभागाची नोंदणी फी ४ टक्के, म्हणजे ४०,००० दिरहम. दलाली २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, असे २१,०००. नोंदणी कार्यालयाचे आणखी सुमारे ४,२००. एकूण झाले १० लाख ६५ हजार दिरहम. चावी हातात येण्याआधीच पंधरा लाख रुपयांहून अधिक वरखर्च झालेला असतो.

आता भाडे. वर्षाला ६०,००० दिरहम भाडे धरले तर एजंट त्याला सहा टक्के परतावा म्हणतो. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा गेला की हाती ५५,००० येतात. सर्व्हिस चार्ज चौरस फुटाला १८ दिरहम धरला तर १०,८०० जातात. समुद्रकाठच्या आलिशान टॉवरमध्ये हा दर याहून चढा असतो, आणि भाडेकरू असो-नसो तो भरावाच लागतो. देखभाल पाहणाऱ्या कंपनीचे ८ टक्के, म्हणजे ४,४००. उरले ३९,८००. हे उत्पन्न दुबईत करमुक्त आहे, पण मालक मलकापुरात राहतो. भारतात रहिवासी असलेल्याचे जगभरचे उत्पन्न इथे करपात्र. ५५,००० च्या घरभाड्यातून ३० टक्क्यांची ठरावीक वजावट मिळते. उरलेल्या ३८,५०० वर वरच्या टप्प्याचा कर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे १२,०१२ दिरहम. शिल्लक २७,७८८. घातलेल्या पैशावर हा परतावा पडतो २.६ टक्के. राष्ट्रीयीकृत बँकेतली साधी मुदत ठेव कर कापूनही याहून जास्त देते.

मग लोक घेतात ते वेडे आहेत काय? तसे नाही. फ्लॅटची किंमत वाढेल आणि रुपया घसरेल, या दोन गोष्टींवर ते डाव लावतात. दुसरी गोष्ट आजवर बऱ्यापैकी खरी ठरली आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, आज तो दुपटीहून वर आहे. पण निव्वळ डॉलरची वाढ हवी असेल तर परदेशी शेअरच्या निर्देशांक फंडातूनही ती मिळते. तिथे नळ गळत नाही, शिवाय विक्री दोन-चार दिवसांत होते.

पहिल्या गोष्टीचा इतिहास मात्र खडबडीत आहे. दुबईने ठरावीक भागांत परकीयांना पूर्ण मालकी खुली केली ती २००२ मध्ये. पुढच्या सहा वर्षांत पैसा धो-धो आला. फ्लॅट बांधून होण्याआधीच त्याची बुकिंगची पावती तीन-चार हात बदलायची. २००८ च्या जागतिक मंदीत हा फुगा फुटला, किमती निम्म्यावर आल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीनेच धनकोंकडे मुदत मागितली. पाम जुमेरा उभारणारी नखील ही तेव्हा तिचीच उपकंपनी. कितीतरी टॉवर खड्ड्याच्या अवस्थेत थांबले. २०१४ नंतर पुन्हा सहा-सात वर्षे भाव हळूहळू उतरत गेले. आजची तेजी २०२१ पासूनची. प्रदर्शनातला आलेख बहुधा तिथूनच सुरू होतो. खरेदी करणाऱ्याने २००८ पासूनचा आलेख मागावा. तो मिळायला किती वेळ लागतो, त्यावरूनही बरेच कळते.

२००८ च्या मंदीच्या सुमारास कायदे कडक झाले, हेही खरे. २००७ च्या कायद्याने बांधकामाधीन प्रकल्पाचा पैसा त्या प्रकल्पासाठी राखीव असलेल्या एस्क्रो खात्यातच जावा लागतो. अपुऱ्या बांधकामातल्या फ्लॅटची नोंद ‘ओकूद’ या पद्धतीत होते, आणि प्रकल्पाची स्थिती ‘दुबई रेस्ट’ या सरकारी ॲपवर पाहता येते. तेव्हा पैसे एजंटच्या किंवा कुठल्या मार्केटिंग कंपनीच्या खात्यावर मागितले गेले, तर पुढे बोलायचेच नाही. एस्क्रो खात्याचे नाव, प्रकल्प क्रमांक आणि ओकूदची नोंद या तीन गोष्टी जुळल्याशिवाय टोकनही देऊ नये. मलकापुरात कुणी इसार देताना सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय राहतो का?

‘पक्के भाडे’ या योजनेकडेही जरा जवळून पाहावे. तीन वर्षे आठ टक्के देण्याची हमी बिल्डर देतो, तेव्हा ते पैसे बहुतेक वेळा आधीच किमतीत चढवलेले असतात. आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत. त्याच इमारतीत हमीशिवायचा जुना फ्लॅट कितीला जातो, हे विचारले की फरक उघडा पडतो.

पैसा बाहेर पाठवण्याचे नियम हा सगळ्यात नाजूक भाग. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत रहिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात, म्हणजे साधारण ९ लाख १८ हजार दिरहम. वरचा फ्लॅट एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही. नवरा-बायको दोघांची मर्यादा जोडता येते, मात्र दोघेही त्या मालमत्तेचे सहमालक हवेत. ‘मेव्हण्याच्या नावावरून पाठवू, फ्लॅट आपल्या नावावर’ हे चालत नाही. या कामासाठी भारतीय बँक कर्जही देत नाही. बिल्डरची ताब्यानंतरच्या हप्त्यांची योजना परकीय चलनविषयक फेमा कायद्याच्या नजरेत उधारी ठरू शकते. ती घेण्याआधी सीएचे लेखी मत हवे.

शिवाय टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, आहे. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणुकीसाठी १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. वरच्या उदाहरणात दोघांनी एकाच वर्षात मिळून २ कोटी ५६ लाख पाठवले, तर जवळपास ४७ लाख रुपये जास्तीचे उभे करावे लागतील. हा कर बुडत नाही. अग्रिम करातून वळता होतो किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण तोवर तो अडकलेला असतो, आणि कापसाच्या हंगामात ४७ लाख अडकणे म्हणजे काय, हे जिनिंगवाल्याला सांगायला नको.

इथेच दुसरी वाट सुचवणारा कुणीतरी भेटतो. इथे रोख द्या, तिथे दिरहम मिळतील. ही हवाला आहे, आणि तिचा हिशेब फार महाग पडतो. फेमाचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बाहेरच्या मालमत्तेइतक्याच किमतीची भारतातली मालमत्ताही जप्त होऊ शकते. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली अघोषित परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड. म्हणजे दुबईच्या एका बेडरूमपायी इकडची जिनिंग, राहते घर आणि नळगंगेच्या पाण्यावरचे वावर पणाला लागते.

पैसा सरळ मार्गाने गेला तरी दरवर्षीचे एक काम उरते. प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, फ्लॅट दाखवावाच लागतो. भाडे आले नसले तरी दाखवायचा. तक्ता आर्थिक वर्षाचा नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो, आणि इथेच गावातले बरेच कर सल्लागार गोंधळतात. न दाखवल्यास वर्षाला १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांच्या आतल्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सवलत मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून वगळलेली आहे. फ्लॅटचे भाडे जमा व्हायला तिकडे बँक खाते उघडले असेल तर तेही याच तक्त्यात.

मुलगा आखाती देशात नोकरीला असेल तर चित्र पालटते. अनिवासी असताना स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर त्याला भारतात परतल्यावरही ठेवता येते, आणि राखणार कोण या प्रश्नालाही घरातलेच उत्तर मिळते. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या कुटुंबांसाठी परदेशी फ्लॅटचा खरा अर्थपूर्ण प्रसंग कदाचित हाच. बापाने पेन्शनचे पैसे पाठवून घ्यायचा तो नव्हे.

राखणे म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. दुबईच्या उन्हाळ्यात दमट हवेत फ्लॅट एसीविना बंद राहिला की कपाटांना आणि गाद्यांना बुरशी धरते. मध्यवर्ती शीतकरण असलेल्या इमारतीत एसी न वापरताही ठरावीक आकार भरावा लागतो. १६ एप्रिल २०२४ च्या पावसाने दुबईचे रस्ते आणि विमानतळ पाण्याखाली गेले, तेव्हा तळघरातल्या गाड्या आणि विजेची पॅनेल कुणी बघितली, हा प्रश्न दूरच्या मालकांना पडला. भाडेकरूचा करार ‘इजारी’ या नोंदणी पद्धतीत नोंदवायचा, पर्यटकांना रोजाने द्यायचा तर पर्यटन खात्याचा वेगळा परवाना काढायचा. भाडेकरूसकट घेतलेला फ्लॅट स्वतःला राहायला हवा असेल, तर बारा महिन्यांची रीतसर नोटीस. भाडे किती वाढवता येईल, तेही सरकारी निर्देशांक ठरवतो. कायदे भाडेकरूच्या बाजूचे आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मालकाने ते धरून चालावे.

दुबईबाहेर पाऊल टाकले की मालकीचाच अर्थ बदलतो. थायलंडमध्ये परकीयाला जमीन घेता येत नाही. कोंडोमिनियममधला फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या कोट्यात. फुकेतचा व्हिला स्थानिक माणसांच्या नावे कंपनी काढून घ्या असे सुचवणारे असतात. तिथल्या कायद्यात ही बेनामी मालकी गुन्हा आहे. बालीतही परकीयाला जमिनीची पूर्ण मालकी नाही. जे विकले जाते तो बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा. त्याची किंमत दरवर्षी थोडी विरघळते आणि शेवटी शून्य होते. कागदावर ‘व्हिला विक्रीस’ लिहिलेले असले तरी विकत घेतली जातात ती वर्षे.

व्हिसाच्या मोहाने घेणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. पोर्तुगालने घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ रोजी. ग्रीसने २०२४ मध्ये अथेन्स आणि सँटोरिनीसारख्या ठिकाणी किमान रक्कम ८ लाख युरोवर नेली. दुबईत आज २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा व्हिसा मिळतो. तो उद्याही त्याच अटींवर मिळेल, असे खरेदीखतात लिहिलेले नसते. आणि तो खिशात असला तरी मलकापुरात वर्षाचे १८२ दिवस काढणारा माणूस प्राप्तिकर खात्यासाठी इथलाच रहिवासी.

एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा आपलाच किनारा काय वाईट, असे कुणी म्हणेल. विदर्भातल्या शेतकऱ्याला तर एक सोय आहे: सातबारा नावावर असल्याने शेतकरी दाखल्यावर तो कोकणात शेतजमीन घेऊ शकतो, जे मुंबईच्या बिगरशेतकऱ्याला जमत नाही. गोव्यात मात्र २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आली. तिथे विकणारा विवाहित गोवेकर असेल तर सामाईक संपत्तीच्या कायद्यामुळे नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. एकाचीच सही घेऊन फसलेले पाहुणे थोडे नाहीत. कोकणातल्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईतले पुतणे अशी दहा-पंधरा नावे सहज निघतात, आणि त्यातले एखादे नाव गावात कुणी कधी पाहिलेलेही नसते. हिस्से पाडल्याशिवाय तिथे इसार देणे म्हणजे वकिलाची पुढच्या वीस वर्षांची सोय.

भरतीरेषेचा विषय तर देशी-परदेशी दोन्हीकडे सारखाच. केरळात मरडू इथे तलावाकाठच्या चार संकुलांनी किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडल्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी पाडली गेली. फ्लॅट ३४३. खरेदीदारांनी पूर्ण पैसे मोजलेले होते, कर भरलेले होते, कित्येकजण तिथे राहतही होते. त्याआधी मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला असाच उडवला गेला. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, छपरे नेली. समुद्र दिसणाऱ्या घराची किंमत जशी जास्त, तशी समुद्र आत येण्याची शक्यताही जास्त. ब्रोशरमध्ये त्यातले अर्धेच छापतात.

वारसांचा विचार सहसा कुणी करत नाही, म्हणून तो मुद्दाम. मालक गेल्यावर मलकापूरचे वारसपत्र दुबईत तसेच्या तसे चालत नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर बिगरमुस्लिम मालकाची अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना. मुस्लिम मालकाला शरियतचे हिस्से. ज्यांना वेगळी वाटणी हवी त्यांनी तिथेच मृत्युपत्र नोंदवावे. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात बिगरमुस्लिमांसाठी ही सोय २०१५ पासून आहे. हा खर्चही पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

इतके सगळे तपासूनही घ्यावासा वाटला, तर निदान क्रम सांभाळावा. आधी परकीय चलनाचे काम करणारा सीए, मग परकीय चलनाचे व्यवहार करणारी बँक शाखा, आणि सगळ्यात शेवटी एजंट. सीएसाठी अकोला किंवा नागपूर गाठावे लागले तरी चालेल. बँकेत ए-२ फॉर्म आणि पॅनसह पैसा कशासाठी जातो ते स्पष्ट लिहावे. ‘नातेवाइकाच्या खर्चासाठी’ असे लिहून घर घेऊ नये. एकदा भर ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन ती इमारत पाहावी. डिसेंबरमध्ये दुबई सगळ्यांनाच आवडते. त्याच इमारतीतल्या दोन मालकांना भेटून गेल्या वर्षीची सर्व्हिस चार्जची पावती मागावी आणि गेल्या सहा महिन्यांत तिथले किती फ्लॅट प्रत्यक्ष विकले गेले ते भूमी विभागाच्या नोंदींत पाहावे. विक्रीच्या वेळी चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर भारतात १२.५ टक्के कर बसेल. तो वाचवायला नवे घर घ्यायचे तर ते भारतातच घ्यावे लागेल. पैसे पुन्हा कुठे गुंतवले नाहीत तर १८० दिवसांत मायदेशी आणावे लागतील, हे बँकेकडून आधीच लिहून घ्यावे.